नऊ चाळीस

आमच्या नाल्यावर संत्र्याची ट्रॉली उलटली
तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो
आणि ओरडत होतो.
मांडी नको तिथं वाकली होती.

शालिकमामा वावरातून पळत आला.
फौजेतून सुटून त्याला दोनच पावसाळे झालेले.
एका पायात चप्पल, हातात बैल हाकायची तुतारी.
मी त्याला पाहिलं, त्यानं मला पाहिलं.
"मामा! मामा गा!"
त्यानं नुसता तळहात दाखवला,
रेल्वेचा फाटकवाला दाखवतो तसा,
अन् मला ओलांडून गेला.

चाकाजवळच्या चिखलात
फुलाबाई मडावीची कौतिका पडली होती,
संत्र्यांच्या ढिगात कुणाचं गाठोडं राहून जावं तशी.
ती काहीच बोलत नव्हती.

मामानं खांद्यावरचा दुपट्टा फाडला,
तिच्या दंडाला दोनदा गुंडाळला,
तुतारी गुडघ्यावर मोडली, तुकडा गाठीत खुपसला
आणि पिळत गेला, पिळत गेला,
रक्त थांबेस्तोवर.
मग मुकादमाच्या कानावरची निळी पेन्सिल ओढून घेतली,
थुंकीनं ओली केली
आणि पोरीच्या कपाळावर, कुंकवाच्या जागी,
लिहिलं: ९-४०.

"सख्खा भाचा तिकडं बोंबलून रायला
अन् हा पाय, कोठी बसला!"
हे कोण म्हणालं ते मला अजून माहीत आहे.

ड्रायव्हर नथ्थूजीपाशी मामा वाकला,
मानेला दोन बोटं लावली, उठला.
नथ्थूजीची बायको त्याच्या सदऱ्याला धरून होती,
त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.
माझी पाळी चौथी होती.

आईनं त्या दिवाळीला भाऊबीज केली नाही.
पुढच्याही नाही.

एका थंडीत हरभरा राखायला गेलो
तेव्हा मामा आपणहून बोलला.
शेकोटीत तुरीच्या पऱ्हाट्या सारत, माझ्याकडं न बघता.
तंबूचा दवाखाना. बाहेर बर्फ.
सलाईन गोठू नये म्हणून बाटल्या काखेत धरून झोपायचे,
कोंबडी अंड्यावर बसते तसे.
रक्त संपलं की खानसामे, ड्रायव्हर, न्हावी
बाह्या वर करून रांगेत.
एकदा पलीकडच्या बाजूचा एक पोरगा आणला,
मिशी न फुटलेला.
"तो तं कण्हतही नव्हता गा.
त्याले वाटे, आवाज केला तं मारतीन."

मेजर कुट्टन मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे:
जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे.
जो गप्प आहे, आधी त्याच्याकडे.

मग बराच वेळ नुसती शेकोटी.
लांब कुठंतरी डुकरं हाकलायचे डबे वाजत होते.
"तू लय जोरानं बोंबलून रायला होता," मामा म्हणाला.
"मले बरं वाटलं."

मी काही बोललो नाही.
थंडीत माझा पाय ठणकतो.

मामा गेला गेल्या फाल्गुनात, झोपेतच.
अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.
मामी छाती पिटत होती.
कौतिका आर्वीहून लेकरं घेऊन आली होती,
तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही,
उजव्यानंच कपाळ बडवत
ती सगळ्यांत मोठ्यानं रडत होती.
कुणीतरी मला म्हणालं, मामीला सांभाळ.

मी तळहात दाखवला.
लंगडत, बायकांच्या मधून वाट काढत
मागं गेलो, बकऱ्यांच्या कोठ्याकडं.
तिथं आई बसली होती, भिंतीला टेकून.
डोळे कोरडे, तोंडातून अवाक्षर नाही.
मुठीत एक काळा करदोडा,
गाठ न मारलेला,
किती दिवाळ्यांचा कोण जाणे.

मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली.